मदत हवी आहे: करडांच्या स्नायूंसाठी संदर्भ जनुक कोणते घ्यावे?

नमस्कार. उस्मानाबादी जातीच्या शेळ्यांच्या करडांच्या पाठीच्या लाँजिसिमस स्नायूत वाढीबरोबर तंतूंचे प्रकार कसे बदलतात, हे मी १, ३ आणि ६ महिने वयाच्या नमुन्यांवर क्यूपीसीआरने (जनुकाच्या आरएनएचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीने) तपासत आहे. अडचण संदर्भ जनुकाची आहे, म्हणजे ज्याची पातळी स्थिर मानून बाकी जनुकांची मोजमापे त्याने भागतात, त्या जनुकाची. प्रत्येक नमुन्यात ५०० नॅनोग्रॅम आरएनए घेऊनही जीएपीडीएच या नेहमीच्या संदर्भ जनुकाचे सीटी मूल्य (संकेत दिसू लागेपर्यंतची चक्रे; ती जितकी कमी, तितका आरएनए जास्त) सहाव्या महिन्यापर्यंत जवळजवळ दोन चक्रांनी खाली येते, म्हणजे त्याची अभिव्यक्ती सुमारे चौपट वाढलेली दिसते. जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसचेच (ग्लुकोजच्या विघटनाचेच) विकर असल्याने, मुख्यतः ग्लायकोलिसिसवर चालणारे जलद तंतू वाढताना तेही वाढणार, हे मला पटते. पण त्याने भागल्यावर एमवायएच१ या जलद तंतूंच्या मायोसिन जनुकातील वाढ पुसली जाते, आणि हीच गोष्ट मला खटकते, कारण तंतूंचे प्रकार रंगाने वेगळे दाखवणाऱ्या एटीपीएज रंजनात जलद तंतूंचे वाढते प्रमाण डोळ्यांना स्पष्ट दिसते.

बीटा-ॲक्टिन हे दुसरे नेहमीचे संदर्भ जनुक वापरून पाहिले. ते वयानुसार उलट घटते. डीएनए काढून टाकणारी डीएनएज प्रक्रिया केली आहे, आरएनएची शुद्धता दाखवणारे २६०/२८० गुणोत्तर १.९ च्या वर आहे, प्रायमरांची कार्यक्षमताही तपासली आहे. सर्व जनुके एकत्र मोजणाऱ्या आरएनए-सीक्वेन्सिंगसाठी निधी नाही आणि उरलेल्या आरएनएमध्ये जास्तीत जास्त चार नवी जनुके तपासता येतील.

वाढत्या शेळी-मेंढीच्या स्नायूत वय बदलले तरी स्थिर राहिलेली कोणती जनुके आपण स्वतः वापरली आहेत, आणि त्यांतील किमान किती जनुकांची भूमितीय सरासरी घ्यावी?