प्रभात रस्त्यालगतच्या गल्लीतला १९८६चा फ्लॅट: घेण्याआधी काय तपासावं?

पारिजातक:
आतल्या गल्लीतली इमारत, तळमजला अधिक तीन, १२ फ्लॅट, लिफ्ट नाही. बघितलेला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. विकणारे मूळ मालकच. सोसायटी नाही, 'अपार्टमेंट' आहे असं एजंट सांगतो. समोर दोन गुलमोहर, मागे उंबर. गल्ली साधारण ६ मीटर. कर्ज काढणार आहे. कागद आणि बांधकाम, दोन्हींत काय बघायचं? आणि 'दोन-चार वर्षांत रिडेव्हलपमेंट नक्की' या वाक्याला किती किंमत द्यायची?

सूची_दोन:
त्या रिडेव्हलपमेंटच्या वाक्याला एक रुपयाही देऊ नका; का ते दुसरं कोणी सांगेलच. मी कागदांपुरतं लिहितो.

पुण्यात बोलताना सगळ्यालाच अपार्टमेंट म्हणतात. कायद्याने अपार्टमेंट म्हणजे १९७०च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली नोंदवलेलं घोषणापत्र, आणि शिवाय प्रत्येक फ्लॅटचं वेगळं डीड ऑफ अपार्टमेंट. जमिनीतला तुमचा अविभक्त हिस्सा त्यात टक्क्यांत लिहिलेला असतो. घोडं नेहमी इथेच अडतं. घोषणापत्र होतं, पण डीड काही जणच करून घेतात, बाकीचे बिल्डरच्या करारनाम्यावर निवांत. विक्रेत्याकडे डीड नसेल तर ते आधी त्यांच्या नावे होऊ द्या, त्यानंतर तुमचं खरेदीखत. टोकन देण्याआधी हे विचारा, नंतर नाही.

दुसरं, मूळ करारनाम्याची तारीख आणि मुद्रांक. १० डिसेंबर १९८५पासून फ्लॅटच्या करारनाम्यावर खरेदीखतासारखा मुद्रांक लागू झाला. १९८६चा करार पाच-दहा रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर निघाला तर तूट आणि दंड विक्रेता भरेल, हे लेखी घ्या.

मिळकत पत्रिका काढा. जुन्या बंगल्यांच्या भागात काही प्लॉट मूळ गृहनिर्माण संस्थेच्या मालकीचे असतात आणि सभासदाकडे फक्त भाडेपट्टा असतो. तसं असेल तर त्या संस्थेची परवानगीही लागते. वकिलाकडून सर्च, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध, किमान ३० वर्षांचा घ्या. इथे तो थेट जमीन खरेदीपर्यंत मागे नेलेला बरा.

गिलावा:
वरचा मजला, म्हणजे आधी गच्चीवर चढा, फ्लॅट नंतर. ब्रिकबॅट कोब्याला (पाणी अडवायला विटांचे तुकडे घालून केलेल्या थराला) भेगा आहेत का, कठड्यालगतची सिमेंटची गोलाई सुटली आहे का, हे बघा. गुलमोहराची बारीक पानं जाळीतून आत जातात आणि पावसाळी पाइपात चिखलासारखी बसतात. मग गच्चीवर पाणी साचतं आणि भेगेतून तुमच्या छतात उतरतं. पाइपात बादलीभर पाणी ओतून खाली किती वेगाने येतं ते पाहा. उंबराचं बी पक्षी आणतात. डक्टमध्ये (पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेत), पाइपच्या सांध्याशी रोप दिसलं तर मूळ भिंतीत किती गेलं आहे ते बघा. नुसतं वरून छाटलं तर पुन्हा फुटतं.

छज्जे, बीमचा तळ आणि संडासाच्या डक्टलगतचे कॉलम हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला, किंवा सळईला समांतर सरळ भेग आणि तपकिरी डाग असतील, तर आतलं लोखंड गंजून फुगलं आहे. रंग ताजा आणि पीओपीचं छत नवं असेल तर शंका दुप्पट. स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी, त्यापुढे दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलं आहे. अहवाल नसेल तर स्वतःच्या खर्चाने इंजिनिअर न्या. काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रसायन टाकलं की निरोगी भाग गुलाबी होतो. बिनरंगी थर सळईपर्यंत पोचला असेल तर गंजापासूनचं संरक्षण संपलं.

न्हाणीघराचा ट्रॅप (पाणी जायची मोरी) बंद करून दोन इंच पाणी २४ तास ठेवा आणि खालच्यांच्या छताकडे बघा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद झालेले असतात, सगळे बदलायचेच असं धरून भाव करा. वायरिंगमध्ये अर्थिंगची तार नसेल तर तेही नव्याने, सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच.

पारिजातक:
गच्चीकडची बाल्कनी आत घेऊन खोली केली आहे. पार्किंग 'फ्लॅटसोबत' म्हणतात.

नऊमीटर:
बाल्कनीसाठी महापालिकेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र (इमारत वापरायची परवानगी) समोर ठेवा. नकाशात नसलेल्या खोलीचे पैसे बँकेचा मूल्यांकनकार धरत नाही, तुम्हीही धरू नका. उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१०चा निकाल आहे. तेव्हा पार्किंगच्या नावाने किंमत वाढवली असेल तर ती कमी करून मागा.

रिडेव्हलपमेंटचं गणित साधं आहे. २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही. जादा क्षेत्र नाही, तर बिल्डरला विकायला काय उरणार? रस्ता रुंद करायचा तर प्लॉटचा पुढचा पट्टा सोडावा लागेल, आणि त्या पट्ट्यातच तुमचे गुलमोहर असतील. झाड तोडायला वृक्षप्राधिकरणाची परवानगी लागते ती वेगळीच. ५१ टक्के संमतीची जी चर्चा ऐकता, ती सोसायट्यांसाठीच्या, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालच्या सूचनांतली. अपार्टमेंटला ती जशीच्या तशी लागू होत नाही.

खर्च: पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, सगळे खरेदीदार महिला असतील तर ६. नोंदणी १ टक्का, कमाल ३०,०००. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांत जे जास्त त्यावर. जुन्या इमारतीला रेकनरमध्ये घसारा मिळतो, तो धरला आहे ना ते बघा. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर विक्रेत्याला देताना १ टक्का टीडीएस तुम्ही कापायचा. विक्रेता अनिवासी असेल तर हा दर चालत नाही, आधी सीएला विचारा.

सूची_दोन:
एक राहिलं. स्वतः राहणार असाल तर मिळकतकरातली ४० टक्के सवलत आपोआप चालू राहत नाही, महापालिकेकडे स्वतः राहत असल्याचा पीटी-३ अर्ज भरावा लागतो. आणि मालकांकडून मेंटेनन्स, वीज, मिळकतकर यांची ना-थकबाकी पत्रं खरेदीखताच्या दिवसापर्यंतची घ्या.