ॲपने दुरुस्त केलेले इंग्रजी अंगवळणी कसे पडावे?

प्रश्न:
इंग्रजी लेखनाच्या सरावासाठी मी चॅटजीपीटी वापरतो. माझा परिच्छेद ते क्षणात निर्दोष करून देते आणि वाचताना सारे उमगल्यासारखे वाटते. परंतु नव्याने लिहायला बसले की उपपदांच्या (a, an, the) त्याच चुका पुन्हा होतात. शिवाय, बोललेले प्रत्येक वाक्य ॲप अचूक ओळखते, यावरून माझे उच्चार बरोबर आहेत असे मानावे काय?

उत्तर १:
आयती दुरुस्ती वाचण्यात शिकणाऱ्याच्या वाट्याला काही कामच उरत नाही. लिस्टर आणि रांटा या संशोधकांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा जो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की शिक्षक बहुतेक वेळा विद्यार्थ्याचे चुकीचे वाक्य स्वतःच सुधारून म्हणत, आणि नेमक्या याच पद्धतीने विद्यार्थी आपले वाक्य स्वतः सुधारण्यास सर्वांत कमी प्रवृत्त होत. चॅटजीपीटी आपणहून तेच करते. म्हणून त्याला स्पष्ट सांगावे : चुकीची जागा फक्त अधोरेखित कर, नियमाचे नाव सांग, उत्तर मी दिल्याशिवाय देऊ नकोस. हे कंटाळवाणे आहे खरे, पण उपपदांसारख्या, मराठीत मुळातच नसलेल्या गोष्टी दुसऱ्या कशाने पक्क्या होतील असे मला वाटत नाही.

उत्तर २:
उच्चारांबाबत तसे मुळीच मानू नये. आवाजाचे लेखन करणारी यंत्रणा संदर्भावरून संभाव्य शब्दाचा अंदाज बांधते. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांचा उच्चार आपण सारखाच केला, तरी दिशांविषयीच्या वाक्यात ती योग्य शब्दच लिहील. जोडीतला एकेक शब्द वाक्याविना म्हणून पाहिल्यास ही झाकली गेलेली चूक उघडी पडण्याची शक्यता वाढते. शब्दातील आघात, म्हणजे कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा ते, आणि वाक्यातील आवाजाचे चढउतार तर लेखी रूपात उतरतच नाहीत, त्यामुळे आपला आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ भाषकाच्या आवाजाशेजारी ऐकावा.

उत्तर ३:
पहिल्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र अगदी नवशिक्याला अधोरेखित शब्दावरून काहीच सुचत नाही, त्याला आधी तयार नमुना द्यावाच लागतो. आणखी एक सावधगिरी : ही ॲप्स कधी कधी बरोबर वाक्यालाही चूक ठरवतात आणि त्यासाठी न अडखळता नियम रचून सांगतात. तेव्हा शंका आल्यास त्यांनाच पुन्हा विचारण्याऐवजी व्याकरणाचे पुस्तक उघडावे.