समलिंगी आणि ट्रान्स मुलांनी खंबीर व्हायचं की घरच्यांनी बदलायचं?

धागाकर्ता, कोथरूड
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, या एलजीबीटी मुलांचे लाड नकोत, मनाने खंबीर व्हायला शिकवा, टेन्शन कोणाला नसतं. त्यावर पटापट अंगठे आले. मला हे अजिबात पटलेलं नाही. अहो ही मुलं आधीच खंबीर असतात म्हणून तर इथपर्यंत पोचतात. वर्गात आवाज कसा ठेवायचा, हात किती हलवायचे, फोन टेबलावर राहिला आणि कोणाचा मेसेज आला तर काय, घरी लग्नाचा विषय निघाला की कुठे बघायचं, हे रोज, आणि सगळं एकट्याने. इलान मायर या अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली 'मायनॉरिटी स्ट्रेस' म्हणून हेच मांडलं, की या लोकांमध्ये डिप्रेशन, अँग्झायटी जास्त दिसते ती त्यांच्यात काही बिघाड असतो म्हणून नाही, तर भेदभाव आणि लपवाछपवी यांचा ताण साठत जातो म्हणून. मग औषध फक्त मुलालाच का?

स्पष्ट बोलणारा, सदाशिव पेठ
अर्धंच पटलं. आमच्याकडे कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करणारी पोरं बघा, गावाकडे कर्ज, वय चाललंय, लग्न जमत नाही, ती पण झुंजतातच ना. जग बदलेल तेव्हा बदलेल, तोवर पोराला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. रोज 'तुझ्यावर अन्याय झालाय' सांगत बसलात तर तो त्यातच अडकेल. आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पण गेलं की आता.

धागाकर्ता
एमपीएससीच्या पोराचा त्रास खराच आहे, पण निकाल गेला तर तो रात्री आईला फोन लावून रडू शकतो. इथे आईलाच सांगायची चोरी. ३७७ चं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ ला गुन्हा गेला, पण १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, म्हणजे गुन्हेगार नाही पण नातं कागदावर नाहीच. घराचं महत्त्व किती ते पण सांगतो. केटलिन रायन यांचा २००९ चा अमेरिकेतला अभ्यास आहे, ज्यांना घरच्यांनी खूप झिडकारलं त्या तरुणांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण, ज्यांना फारसं झिडकारलं नाही त्यांच्या आठपटीहून जास्त निघालं.

एका ट्रान्स मुलाची आई, सिंहगड रोड
दादा, सगळं आईबापांवर ढकलू नका. आम्हाला पण कोणी शिकवलेलं नसतं हो. नातेवाइकांनी एक डॉक्टर सुचवले, ते म्हणाले गोळ्या आणि सेशन्स करून 'नॉर्मल' करू, आम्ही तिथून उठून आलो. नंतर कळलं की असल्या कन्व्हर्जन थेरपीला नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय, मद्रास हायकोर्टाच्या केसनंतर. हे पालकांपर्यंत पोचतच नाही. मला बळ मिळालं ते 'स्वीकार' या पालकांच्या गटात, दुसऱ्या आयांशी बोलून. मुलाला खंबीर करायचं असेल तर आधी त्याच्या आईला कोणीतरी धरा.

स्पष्ट बोलणारा
ताई, तुमचं पटलं. पण ज्यांच्या घरचे कधीच बदलणार नाहीत त्यांनी काय वाट बघत बसायचं? म्हणून म्हणतो, आतून ताकद लागतेच.

पिंपरीची ट्रान्स बाई
मी सांगते, माझ्या घरचे नाहीच बदलले. ताकद आतून नाही आली दादा, आमच्या तृतीयपंथी समाजातल्या गुरूने दिली, गुरुबहिणींनी दिली, आजारी पडले तेव्हा त्याच बसल्या उशाशी. आणि खरी ताकद आली पगार सुरू झाल्यावर. आमच्या महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सिक्युरिटी गार्ड आणि ग्रीन मार्शल (स्वच्छतेवर लक्ष ठेवणारे) म्हणून कामाला घेतलं तेव्हा वस्तीतल्या लोकांचं बघणंच बदललं. तुम्ही लोक काउन्सेलिंग काउन्सेलिंग करता, चांगलंच आहे ते, पण ज्याला रात्री झोपायला खोली नाही त्याला तासाची फी कुठून परवडणार?

धागाकर्ता
फीचा मुद्दा अगदी बरोबर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, सरकारी आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात लिहिलंय की उपचार देताना लिंग किंवा लैंगिक कल बघून भेदभाव करता येणार नाही. पुण्यात एलजीबीटी लोकांसाठी समपथिक ट्रस्ट ही संस्था २००२ मध्येच सुरू झाली. आज हे सगळं सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो.

पिंपरीची ट्रान्स बाई
टाका, जरूर टाका. आणि त्याच ग्रुपवर 'फ्लॅट भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिलीला' असा मेसेज आला की त्याच्यावर पण बोला.