'गतिमंद', 'ढ' आणि 'अध्ययन अक्षमता'

प्रश्न : मी तिसरीच्या वर्गाला शिकवते. वर्गातला एक मुलगा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण तीच वाचायला दिली की पहिल्याच ओळीत अडतो. त्याच्या नोंदीत 'गतिमंद' लिहिलं तर चालेल का? 'अध्ययन अक्षमता' म्हणजे तेच ना?

उत्तर : नाही ताई, तेच नाही. 'गतिमंद' कृपया लिहू नका. 'मतिमंद' कानाला बोचतो म्हणून लोक 'गतिमंद' म्हणू लागले, पण ऐकणारा अर्थ तोच घेतो : एकूण बुद्धीच कमी. अध्ययन अक्षमतेत बुद्धी शाबूत असते. अडचण वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कशात तरी असते, कधी एकाहून अधिक गोष्टींत. म्हणूनच पूर्ण संज्ञा 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' अशी आहे. बोलताना आपण नेमका 'विशिष्ट' गाळतो आणि पालकांना वाटतं, आपलं मूल शिकूच शकणार नाही.

यातल्या वाचनाच्या अक्षमतेला 'डिस्लेक्सिया' म्हणतात. हा शब्द १८८७ साली रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरात आणला, तोही मोठ्या माणसांच्या आजाराबद्दल. मुलांबाबतचं गाजलेलं वर्णन १८९६चं, प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरचं. चौदा वर्षांचा हुशार मुलगा, पण वाचता येईना. त्याच्या शिक्षकाचं मत मॉर्गनने नोंदवून ठेवलंय : सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. तुमच्या वर्गातलं पोर आठवलं ना? तुम्ही जे पाहिलंत, तेच त्या शिक्षकाने पाहिलं होतं.

दुसरं उत्तर : 'ढ'बद्दलही बोलायला हवं. या अक्षराचं वळण ब्राह्मी लिपीपासून जवळजवळ बदललेलं नाही, म्हणून वर्षानुवर्षं आहे तिथेच राहणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू लागले, अशी व्युत्पत्ती सांगतात. खरी असो वा नसो, शब्दात गृहीत धरलंय तेच घातक आहे : हा काही बदलायचा नाही. वाचन अक्षमता असलेलं मूल बदलतं. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड त्याला पुन्हा पुन्हा, सावकाश, पायरीपायरीने घालून द्यावी लागते.

आणि नोंदीत निदान लिहूच नका, ते तज्ज्ञांचं काम. दिसलं ते लिहा. 'ऐकलेलं नीट समजतं. जोडाक्षरं वाचताना अडखळतो. घ-ध, भ-म यांत गल्लत होते. ३ आणि ६ उलटसुलट लिहितो.' अशा चार ओळी तपासणाऱ्याला फार उपयोगी पडतात. (३ आणि ६ एकमेकांची आरशातली रूपं आहेत. सुरुवातीला सगळीच मुलं इथे चुकतात. तिसरीतही ते सुटत नसेल तर बघायचं.)

प्रश्नकर्ती : आत्ता वही काढून पाहिली. '३६'च्या जागी तीन ठिकाणी '६३' आहे. गेल्या वर्षीच्या नोंदीत एकच ओळ आहे, 'लक्ष देत नाही.' ती मी बदलून घेते.