मदत हवी आहे: परिचारिका-रुग्ण संवादाच्या संकल्पना विश्लेषणात ‘विश्वास’ नेमका कुठे बसतो?

नमस्कार. मी एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि परिचारिका व रुग्ण यांच्यातील संवाद या संकल्पनेचे विश्लेषण, म्हणजे तिचा नेमका अर्थ उलगडून मांडणे, वॉकर आणि अवांत या लेखिकांच्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीने लिहीत आहे. संकल्पनेची निवड, उद्देश आणि शब्दाचे निरनिराळे वापर येथपर्यंत काम सुरळीत झाले. (इंग्रजीतल्या ‘कम्युनिकेशन’ या एका शब्दासाठी आपल्याकडे ‘संप्रेषण’ही आहे आणि ‘संवाद’ही, आणि संवाद म्हटले की दुसऱ्याचे बोलणे त्यात आपोआप येते, हे कच्चा मसुदा मराठीत लिहिताना प्रथमच जाणवले.) ॲट्रिब्यूट्स, म्हणजे संकल्पना ओळखू येते ते गुणधर्म, ठरवायला बसले आणि गाडी अडली.

मी ‘विश्वास’ हा ॲट्रिब्यूट म्हणून लिहिला होता. एकच गोष्ट संकल्पनेचा गुणधर्म आणि तिच्या आधी घडावी लागणारी गोष्ट, म्हणजे अँटिसिडंट, अशी दोन्ही असू शकत नाही, असे सांगून गाईड मॅडमनी तो खोडला आणि अँटिसिडंटमध्ये घालायला सांगितला. नियम मला मान्य आहे. पण नर्सिंगच्या सिद्धांतकार पेप्लाऊ यांच्या १९५२च्या मांडणीत परिचारिका आणि रुग्ण सुरुवातीला एकमेकांना परकेच असतात आणि नाते टप्प्याटप्प्याने घडत जाते. जो विश्वास पहिल्या भेटीत नसतोच, तो संवादाची पूर्वअट कसा ठरेल?

मॉडेल केससाठी, म्हणजे सगळे ॲट्रिब्यूट्स दिसतील अशा नमुना उदाहरणासाठी, मी वॉर्डातला एक प्रसंग घेतला आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या दिवशी एका आजींना “दुखतंय का?” असे विचारले, तर त्यांच्या आधी मुलानेच “नाही सिस्टर, बरी आहे ती,” असे उत्तर दिले आणि आजींनी मान हलवली. त्यांची मूठ मात्र कॉटच्या दांड्यावर आवळलेली होती. मुलगा औषधे आणायला गेल्यावर मी म्हटले, “आजी, तुम्ही नाही म्हणता, पण हात सोडवत नाही तुम्हाला, मला वाटतं दुखतंय. खरं ना?” तेव्हा त्या बोलल्या: दुखते म्हटले तर मुक्काम वाढेल आणि पोराचा रोज बुडेल. परिचारिकेने आपला अंदाज रुग्णाकडूनच पडताळून घ्यावा, हा नर्सिंगच्याच दुसऱ्या सिद्धांतकार ऑर्लँडो यांचा १९६१चा मुद्दा मला येथे स्पष्ट दिसतो, म्हणून ‘पडताळणी’ हा ॲट्रिब्यूट पक्का केला आहे. विश्वास मात्र त्या प्रश्नाआधी होता, प्रश्न विचारताना निर्माण झाला की उत्तरानंतर आला, हे मला अजूनही सांगता येत नाही.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. विश्वासाऐवजी ‘बोलण्याची तयारी’ हा अँटिसिडंट धरून विश्वास परिणामांत टाकला, तर ते तर्काला धरून होईल का? मुलगा मध्ये उत्तर देतो तो पहिला भाग वेगळा काढून बॉर्डरलाइन केस (काही ॲट्रिब्यूट्स असलेले, पण सगळे नसलेले उदाहरण) म्हणून वापरता येईल का, की आपल्याकडे नातेवाईक कॉटपाशी असतातच, म्हणून त्यांचा सहभाग संकल्पनेतच धरावा? आणि संकल्पना काळ व संदर्भानुसार बदलते असे मानणारी बेथ रॉजर्स (Rodgers) यांची संकल्पना विश्लेषणाची पद्धत येथे अधिक योग्य ठरेल का? सिनॉप्सिस (संशोधनाचा संक्षिप्त आराखडा) अजून जमा केलेला नाही, त्यामुळे पद्धत बदलायला वाव आहे.