फोल्डर मोडीत काढा, टॅग लावा? मला नाही पटत

नौपाडेकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, "फोल्डर ही कपाटाच्या काळातली सवय. सगळ्या फाइली एका जागी टाका, प्रत्येकीला चार-पाच टॅग, म्हणजे विषयाच्या चिठ्ठ्या, लावा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मी सोसायटीचा सेक्रेटरी. आधीच्या सेक्रेटरींनी मॅकवर सगळ्याला टॅग लावलेले: कन्व्हेयन्स, ऑडिट, लिफ्ट, गळती. पेनड्राइव्ह माझ्या हातात आला, विंडोजवर लावला, एकही टॅग नाही! नऊशे पीडीएफ आणि नावं काय, स्कॅन ००४७, स्कॅन ००४८. कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे झाल्याचा, कागद शोधायला मी दोन रविवार एकेक उघडत बसलो.

नेरुळवाली: ते "कुणीतरी" म्हणजे मी. सिडकोचं ट्रान्सफरचं पत्र घराच्या फोल्डरमध्ये ठेवायचं, कर्जाच्या की इन्कम टॅक्सच्या? टॅग तिन्ही लागतात. बाबांना रात्री दोन वाजता ॲडमिट केलं तेव्हा 'बाबा' आणि 'किडनी' टाकलं, तीन वर्षांचे रिपोर्ट समोर. तुमच्या सेक्रेटरींनी नावं बदलली नाहीत, त्याला टॅग काय करणार?

नौपाडेकर: हे सगळं मॅकवर. विंडोजमध्ये जेपीजी किंवा वर्डच्या फाइलला प्रॉपर्टीजमध्ये टॅग लिहिता येतो, पीडीएफला तो रकानाच नाही. आणि सोसायटीचे कागद म्हणजे पीडीएफच.

कोपरीकर: दोघंही मूळ दुखण्याला हात लावत नाही. टॅग लिहिणार कोणत्या लिपीत? आमच्या घरी मी 'पावती' लिहितो, बायको 'पावत्या', मुलगा रोमनमध्ये, तेही कधी एक ए, कधी दोन. सातबाऱ्याचं तर बघाच. विंडोज नावात तिरकी रेघ घेत नाही, म्हणून माझा ७-१२, भावाचा ७१२, काकांचा 'सातबारा'. त्यात श्रीलिपीत टाइप केलेली जुनी पत्रं. ती कशानेच सापडत नाहीत. त्या फॉन्टांनी मराठीचं वाटोळं केलं.

वाशी डीटीपी: तोंड सांभाळून. वीस वर्षं श्रीलिपीवर लग्नपत्रिका केल्यात, दोन मुलं शिकवलीत. युनिकोडची, म्हणजे आजच्या मोबाइलवरच्या मराठीची, जोडाक्षरं पेजमेकर या छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटायची तेव्हा तुम्ही कुठे होतात?

कोपरीकर: पोटावर बोललो नाही. तुमच्या जुन्या फाइलींत 'सत्यनारायण' शोधून एक तरी काढून दाखवा.

वाशी डीटीपी: नाही निघत. आत सगळी इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फॉन्ट मराठी दाखवतो. म्हणून मी फाइलच्या नावात गिऱ्हाइकाचं आडनाव आणि तारीख घालतो, आधी वर्ष. आजवर अडलं नाही. पण वाटोळं हा शब्द मागे घ्या.

कोपरीकर: घेतला. फॉन्टबद्दलचं मत तेच.

नेरुळवाली: नौपाडेकर, तो पेनड्राइव्ह अजून तसाच आहे का? अशा ड्राइव्हवर मॅक टॅग वेगळ्या लपलेल्या फाइलीत ठेवतो. नाव तेच, पुढे ठिपका आणि अंडरस्कोर. मॅकला लावलात तर सगळे टॅग दिसतील.

नौपाडेकर: चार-चार केबीच्या? त्या कचरा समजून मी पहिल्याच दिवशी पुसल्या. नऊशेच्या नऊशे.

नेरुळवाली: अरे देवा.

नौपाडेकर: बघा ना. एका माणसाची वर्षांची मेहनत माझ्या हातून गेली, आणि मला कळलंसुद्धा नाही. फाइलचं नाव असं न कळत पुसलं जात नाही.

नेरुळवाली: बरं, आधी नाव, मग टॅग. एवढं मानते. फोल्डर मात्र नाही मानत.

नौपाडेकर: नका मानू. माझी २१० नावं बदलून झालीत, ६९० राहिलीत.