गावच्या पायरीचा दगड आणलाय, त्यावरचं दगडफूल मरतंय का?

पायरीवाला, लालबाग
संगमेश्वरजवळचं आमचं जुनं घर यंदा पाडलं. पडवीच्या पायरीचा एक काळा दगड, विटेएवढा, एसटीत मांडीवर घेऊन आलो. बायको अजून ऐकवते. दगडावर राखाडी चट्टे होते, कडेला झालर. लहानपणी आम्ही ते नखाने खरवडायचो आणि आजी धपाटा घालायची. गॅलरीत तुळशीशेजारी ठेवून रोज दोन वेळा पाणी घातलं. चार महिन्यांत चट्टे तपकिरी पडले, वर हिरवा बुळबुळीत थर आला. खत घालू का?

कातळवेडी, बोरिवली
खत नको, काका! आधी पाणी थांबवा. दगडफूल म्हणजे झाड नव्हे. बुरशी अंग देते आणि तिच्या आतलं शैवाल, म्हणजे सूक्ष्म हिरव्या पेशी, उन्हावर अन्न रांधतं. मुळं नाहीत, अंगभर पाणी शोषतं आणि तसंच वाळतं. वाळलं की निपचित पडून राहतं, दव पडलं की पुन्हा जागं होतं. ते सतत चिंब ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शैवालापर्यंत नीट पोचत नाही. श्वसन चालू, रांधणं बंद. तुमच्याकडे ते उपाशी पडलंय. बुळबुळीत थर म्हणजे ओलीवर आलेलं साधं शेवाळ.

कान्हेरीला जाऊन बघा. उघड्या कातळावर, जिथे पाऊस पडून लगेच वाहून जातो, तिथे चट्टे दिसतात. पाणी झिरपत राहतं तिथे शेवाळ. (तिथून दगड मात्र उचलू नका!)

हवेचाही प्रश्न आहे. पानांवर असतं तसं मेणाचं आवरण यांना नसतं, त्यामुळे धूर, सल्फर डायऑक्साइड सगळं थेट आत. नायलँडर नावाच्या अभ्यासकाने 1866 मध्येच पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या दगडफुलांवरून शहराची हवा जोखली होती. काही जाती धूर सोसतात, आमच्या सोसायटीच्या आंब्यावरही आहेत. तुमची कोकणातली आहे, तिला लालबाग मानवेल का, सांगवत नाही.

मसालेवाली
गोड्या मसाल्यात घालतो तेच का हे?

कातळवेडी
त्याच गोतावळ्यातलं. बाजारातलं बहुतेक झाडांच्या सालीवरचं असतं. काकांच्या पायरीवरचं मसाल्यात घालू नका.

पायरीवाला
दगड खिडकीच्या ग्रिलमध्ये हलवला, सकाळचं ऊन येतं. शेवाळ जुन्या दात घासायच्या ब्रशने काढलं. आज पावसाची सर आली आणि चार आण्याएवढी एक झालर हिरवट दिसली. हेही शेवाळच का?

कातळवेडी
झालरच हिरवी झाली असेल तर नाही. भिजल्यावर वरचा थर पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसतं. तेवढा तुकडा बहुधा जिवंत आहे. रोज बघत बसू नका, दगडाला घट्ट चिकटलेले चट्टे वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतात. आणि ब्रश आता पुरे.

पायरीवाला
बायकोला बजावलं, या दगडाला पाणी घालायचं नाही. म्हणाली, मी कधी घातलं होतं?